एकलहऱ्याचं ‘थर्मल’: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

वीजनिर्मितीत शिफ्टची नोकरी करत आयुष्य गेलं, आता नाशिकरोडला राहतो. घरी पाहुणे आले, सोसायटीत आरतीनंतर कट्टा जमला किंवा रेल्वेत शेजारच्यानं खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या पाहिल्या, की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथं गंमत आहे. काही दोन ओळींत संपतात.

थर्मल म्हणजे नेमकं कुठं, आणि ते कुणाचं?

नाशिकरोडपासून पूर्वेला, गोदावरीच्या काठी एकलहरे गाव आहे. कागदोपत्री नाव ‘नाशिक औष्णिक विद्युत केंद्र’, पण आपल्याकडे रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे ‘थर्मल’च म्हणतात. पूर्वी ते महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचं होतं. २००५ मध्ये मंडळाचं विभाजन झालं, तेव्हा वीज तयार करण्याचं काम महानिर्मितीकडे गेलं, उच्च दाबाच्या वाहिन्या महापारेषणकडे आणि घरापर्यंतचं वितरण महावितरणकडे. थर्मल तेव्हापासून महानिर्मितीचं.

पहिले दोन संच १९७० आणि १९७१ मधले, प्रत्येकी १४० मेगावॉटचे. ते आता निवृत्त झालेत. सध्याचे तीन संच म्हणजे क्रमांक ३, ४ आणि ५. ते १९७९, १९८० आणि १९८१ मध्ये सुरू झाले. प्रत्येक संच २१० मेगावॉटचा, म्हणजे एकूण ६३० मेगावॉट. राज्याची कमाल मागणी उन्हाळ्यात ३० हजार मेगावॉटच्या घरात जाते, त्यात आपल्या थर्मलचा वाटा केवढा ते तुम्हीच काढा.

एक खुलासा आत्ताच करून टाकतो. घरच्या मीटरवर ‘युनिट’ म्हणतात ते वेगळं आणि थर्मलमधले लोक ‘युनिट तीन ट्रिप झालं’ म्हणतात ते वेगळं. गोंधळ नको म्हणून यंत्राला मी ‘संच’ म्हणतो आणि मीटरवरच्याला ‘युनिट’.

कोळसा जाळला की वीज कशी होते?

कोळशातून थेट वीज निघत नाही. कोळशानं पाणी तापतं, वाफ होते, वाफेनं चाक फिरतं आणि चाकाला जोडलेल्या जनित्रातून वीज येते. मूळ कल्पना एवढीच. मेहनत आहे ती आकारात आणि नेमकेपणात.

कोळसा आधी गिरणीत जातो. ‘मिल’च म्हणतात तिला, आणि काम चक्कीचंच. २१० मेगावॉटच्या संचाला साधारण सहा मिल असतात. त्या कोळसा दळून टाल्कम पावडरसारखा करतात. हे पीठ गरम हवेबरोबर फुंकून भट्टीच्या चार कोपऱ्यांतून आत सोडतात, त्यामुळे मधोमध आगीचा भोवरा तयार होतो. चुलीत लाकूड जळतं तसा हा कोळसा ढिगानं जळत नाही, हवेत उडता उडता काही सेकंदांत जळून जातो. भट्टीच्या भिंती विटांच्या नाहीत. उभ्या नळ्या शेजारी शेजारी जोडून त्या भिंती बनवलेल्या असतात आणि नळ्यांमधून पाणी फिरत असतं.

तयार झालेली वाफ आणखी तापवून ५३५ अंश सेल्सिअसला नेतात. दाब असतो हवेच्या दाबाच्या १३० पटींच्या आसपास किंवा त्याहून जास्त. अशी तासाला सुमारे ७०० टन वाफ टर्बाइनच्या पात्यांवर आदळते आणि टर्बाइन मिनिटाला बरोबर ३००० फेरे मारतं. या ३००० फेऱ्यांतूनच आपल्याकडचे ५० हर्ट्झ येतात. जनित्रातून वीज १५.७५ हजार व्होल्टला बाहेर पडते. ट्रान्सफॉर्मर ती २२० हजार व्होल्टवर चढवतो आणि ती मनोऱ्यांवरून राज्याच्या ग्रीडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, जाते.

म्हणजे कोळशातली सगळी उष्णता विजेत उतरते?

नाही, आणि हे कळलं की थर्मलचं अर्धं कोडं सुटतं. या वयाच्या २१० मेगावॉटच्या संचात कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. थोडी उष्णता चिमणीतून जाते. निम्म्याच्या आसपास उष्णता कंडेन्सरमध्ये, म्हणजे टर्बाइनमधून आलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी बनवताना, थंड पाण्याला द्यावी लागते.

लोक म्हणतात, ‘मग ती वाफ थंड कशाला करता? तशीच परत बॉयलरला द्या ना.’ प्रश्न बरोबर आहे, मीही नवा असताना हाच विचारला होता. वाफ पुन्हा दाबून बॉयलरमध्ये घालायला इतकी ताकद लागेल की टर्बाइननं कमावलेलं सगळं त्यातच जाईल. तिचं पाणी केलं की पंप ते सहज ढकलतो. शिवाय वाफेचं पाणी होताना तिचा आकार एकदम आकसतो आणि कंडेन्सरमध्ये निर्वात पोकळी तयार होते. ती पोकळी टर्बाइनमधून वाफ जोरात ओढून घेते. कंट्रोल रूममध्ये ‘व्हॅक्यूम किती आहे?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला जातो तो यामुळे. एप्रिल-मे मध्ये थंड करणारं पाणीच गरम असतं, व्हॅक्यूम पडतो आणि तेवढाच कोळसा जाळून वीज कमी मिळते. नेमकं तेव्हाच नाशिकमध्ये घरोघरी एसी सुरू असतात.

जी वीज तयार होते, तिच्यातली ८ ते १० टक्के वीज केंद्र स्वतःच खातं. पंखे, पंप, मिल, पट्टे हे सगळं विजेवरच चालतं. थर्मलचा आवार बाहेरून बघितला, तर वीज बनवणारं यंत्र एका लांब हॉलमध्ये मावतं. बाकी अफाट पसारा कोळसा आणायचा, पाणी फिरवायचं, राख काढायची आणि नको असलेली उष्णता बाहेर टाकायची यासाठी आहे.

रोज किती कोळसा लागतो?

हा हिशोब पाटीवर करता येतो. २१० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला, तर दिवसाला सुमारे ५० लाख युनिट होतात. आपल्याकडच्या कोळशात एका युनिटला ७०० ते ८०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे दिवसाला ३,५०० ते ४,००० टन. रेल्वेची कोळशाची एक मालगाडी, जिला आम्ही ‘रेक’ म्हणतो, ती ५८-५९ डब्यांची असते आणि साधारण तेवढाच, चार हजारांच्या जवळपास टन कोळसा आणते. थोडक्यात, एका संचाला दिवसाला एक रेक. तिन्ही संच जोरात असले तर तीन.

घरचं सांगायचं तर महिन्याला १०० युनिट वापरणारं कुटुंब महिन्याला ७०-८० किलो कोळसा जाळतं, फक्त चूल दुसरीकडे पेटलेली असते.

रेक सायडिंगला आली की डबे एकेक करून ‘वॅगन टिपलर’वर घेतात. टिपलर अख्खा डबा धरून उलटा करतो, कोळसा खाली हॉपरमध्ये पडतो आणि डबा सरळ होतो. शाळेची मुलं आली की इथून हलत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही हलत नाहीत.

नाशिकजवळ कोळशाची खाण नाही, मग प्रकल्प इथं का?

कोळसा मुख्यतः विदर्भाच्या पट्ट्यातून आणि त्याही पलीकडून रेल्वेनं येतो. नागपूर ते नाशिकरोड हे अंतरच रेल्वेनं सुमारे ६५० किलोमीटर आहे. उलट बाजूनं बघा: वीज तारांमधून वाहून नेतानाही थोडी वाया जाते, आणि लांब अंतरावर व्होल्टेज टिकवणं अवघड असतं. साठ-सत्तरच्या दशकात उत्तर महाराष्ट्रात कारखाने वाढत होते. इथं रेल्वेचा मुंबई-भुसावळ मार्ग होता, गोदावरीचं पाणी होतं, जवळ मोठं शहर होतं. त्या काळाच्या हिशोबात ही जागा चुकीची नव्हती.

आजच्या हिशोबात मात्र ती महागात पडते. इथल्या प्रत्येक युनिटमध्ये रेल्वेचं भाडं मिसळलेलं आहे. त्यातून आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे १०० डब्यांत जवळजवळ ३५-४० डबे न जळणारा दगडमातीचाच भाग आपण सहाशे किलोमीटर ओढत आणतो. मला हे कधीच पटलं नाही.

‘थर्मलकडे सात दिवसांचाच कोळसा’ अशी बातमी येते, तेव्हा अंधार होणार का?

लगेच नाही. खाणीपासून लांब असलेल्या केंद्रांनी २० ते २६ दिवसांचा साठा ठेवावा, असा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा नियम आहे. खाणीजवळच्या केंद्रांना १२ ते १७ दिवसांचा. साठा कमी झाला की कोळशाच्या रेकना प्राधान्य मिळतं, भार थोडा उतरवला जातो, काही वेळा एखादा संच थांबवून बाकीचे चालवतात. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये देशभर असा ताण आला होता. बातमीतला आकडा वाचताना एवढंच बघा, की तो वाढतोय की उतरतोय. सातवरून दहावर गेला तर काळजी नको. सातवरून पाचवर आला तर इन्व्हर्टरची बॅटरी तपासा.

कोळशाचा ढीग उघड्यावर असतो, तो पेटत नाही?

पेटतो. माचीस न लावता पेटतो. कोळशाचा हवेशी संथपणे संयोग होत राहतो, आतली उष्णता बाहेर पडायला वाव नसतो, आणि काही आठवड्यांनी ढिगाच्या पोटातून धूर निघतो. त्यावर उपाय म्हणजे ढीग डोझरनं दाबून घट्ट करायचा, म्हणजे आत हवा राहत नाही, जुना कोळसा आधी वापरायचा आणि पाणी मारायचं.

पावसाळ्यात उलटी तऱ्हा. भिजलेला कोळसा हॉपरच्या कडांना चिखलासारखा चिकटतो, बंकरमधून, म्हणजे मिलच्या वरच्या कोठीतून, खाली सरकत नाही, मिल उपाशी राहते. मग हातोडे, सळया आणि शिव्या तिन्ही लागतात. ओला कोळसा वाळवण्यात उष्णता जाते ती वेगळीच. कोळसा हाताळणाऱ्या विभागाचा, म्हणजे सीएचपीचा, पावसाळ्यातला एक दिवस ज्यानं पाहिलाय तो घरी आल्यावर पंख्याचं बटण दाबताना जरा थांबतो.

ते मोठ्या मनोऱ्यातून पांढरा धूर येतो, तो विषारी आहे का?

तो धूर नाही. कूलिंग टॉवर म्हणजे गरम झालेलं पाणी वरून तुषारासारखं सोडायचं आणि हवेनं थंड करायचं. थोडं पाणी बाष्प होऊन वर जातं, तेच पांढरं दिसतं. चहाच्या कपावरून निघते तसलीच वाफ. हिवाळ्यात पहाटे ती दाट दिसते, मे मध्ये दुपारी दिसतही नाही.

ज्याची विचारपूस करायची ते उंच, बारीक चिमणीतून येतं, आणि ते डोळ्याला बहुधा फारसं दिसत नाही. चिमणीतून जाड काळा किंवा करडा धूर दिसत असेल, तर संच नुकताच पेटवलाय किंवा राख पकडणाऱ्या यंत्रणेत काहीतरी बिघडलंय.

मध्यरात्री कधी कधी विमान उतरल्यासारखा प्रचंड आवाज होतो. तो कशाचा?

बहुतेक वेळा सेफ्टी व्हॉल्व्हचा. संच अचानक बंद पडला, म्हणजे ‘ट्रिप’ झाला, तर टर्बाइन वाफ घेणं थांबवतं, पण बॉयलरमध्ये ती तयार होतच असते. दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि वाफ वर सोडतो. प्रेशर कुकरची शिट्टीच, फक्त कुकर दहा-बारा मजल्यांपेक्षा उंच आहे. आवाजानं दचकायला होतं हे मान्य, पण शिट्टी वाजते म्हणजे कुकर शाबूत आहे. संच सुरू करतानाही वाफ बाहेर सोडावी लागते, तेव्हा आवाज कमी पण जास्त वेळ येतो.

थर्मल गोदावरीचं पाणी संपवतं का?

पाणी लागतं हे खरं, पण किती ते नीट समजून घ्या. कंडेन्सरमधून तासाला २५ ते ३० हजार घनमीटर पाणी फिरतं. हा आकडा ऐकून लोक घाबरतात. पण हे तेच पाणी असतं: कंडेन्सरमध्ये गरम होतं, टॉवरमध्ये थंड होतं, परत येतं. नवं लागतं ते वाफ होऊन उडालेल्याची भरपाई म्हणून, आणि पाण्यात क्षार वाढू नयेत म्हणून काही बाहेर काढतात त्याच्या जागी.

केंद्र सरकारनं २०१५ च्या डिसेंबरमध्ये जुन्या केंद्रांना मर्यादा घालून दिली: एका मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटरच्या आत. एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला, तर या मर्यादेनं दिवसाला पावणेदोन कोटी लिटर होतात. म्हणजे थर्मलचा तहानेचा भाग नगण्य नाही, आणि नदी पिऊन टाकण्याइतकाही नाही. गंगापूर धरणाच्या पाण्यावर शहर, शेती, उद्योग यांचे वाद सुरू असतात, त्यात दुष्काळाच्या वर्षी जायकवाडीला पाणी सोडायचा विषय येतो. अशा वर्षी पावणेदोन कोटी लिटरचीही किंमत वाढते. परळीचं वीज केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, हे विसरू नये.

माझं मत विचाराल तर यंत्रं थंड करायला धरणाचं ताजं पाणी वापरणं हा श्रीमंती थाट आहे. नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या केंद्राला दिलं जातं आणि संच चालतात. नाशिकसारख्या शहरातून रोज निघणाऱ्या सांडपाण्याकडे त्याच नजरेनं बघायला हवं.

बॉयलरमध्ये जातं ते पाणी मात्र वेगळं. ते क्षारमुक्त केलेलं असतं, कारण चिमूटभर क्षारही नळ्यांच्या आत आणि टर्बाइनच्या पात्यांवर थर धरतो. पूजेच्या पाण्याइतकं जपतात त्याला.

राखेचं काय करतात?

एका संचाचा दिवसाचा ३,८०० टन कोळसा आणि त्यात ३५ टक्के राख धरली, तर दिवसाला सुमारे १,३०० टन राख. वर्षाचं गणित तुम्हीच मांडा.

यातली पाचवा हिस्सा जड राख भट्टीच्या तळाला पडते. उरलेली चार हिस्से इतकी हलकी असते की धुराबरोबर वर उडते, तिला ‘फ्लाय अ‍ॅश’ म्हणतात. ती चिमणीत जाण्याआधी पकडायला ‘ईएसपी’ असतो. मोठ्या खोल्यांत लोखंडी पत्रे टांगलेले असतात आणि त्यांच्या मधल्या तारांना हजारो व्होल्टचा दाब दिलेला असतो. राखेच्या कणांना विद्युतभार मिळतो, ते पत्र्यांना चिकटतात, हातोडे ठराविक वेळानं पत्रे ठोकतात आणि राख खाली पडते. चांगल्या स्थितीतला ईएसपी ९९ टक्क्यांहून जास्त राख पकडतो. ‘चांगल्या स्थितीतला’ हे शब्द लक्षात ठेवा.

कोरडी राख सिमेंटवाले टँकरनं घेऊन जातात. घरी सिमेंटचं पोतं आलं की त्यावर ‘पीपीसी’ लिहिलेलं बघा, त्यात राख मिसळलेली असते. नाशिकमध्ये आता बांधकामावर दिसतात त्या करड्या विटा राखेच्याच. लाल विटेला शेतातली सुपीक माती भाजावी लागते, इथं ती वाचते. केंद्र सरकारनं १९९९ पासून राख वापरण्याचे नियम केले आणि २०२१ च्या डिसेंबरच्या अधिसूचनेत शंभर टक्के वापराची सक्ती केली.

जी वापरली जात नाही, ती पाण्यात कालवून पाइपनं राखेच्या बंधाऱ्यात सोडतात. तिथं पाणी निथळतं, राख साचते. बंधारा ओला असेपर्यंत ठीक. उन्हाळ्यात वरचा थर सुकला आणि वारा सुटला की भोवतालच्या गावांत द्राक्षाच्या पानांवर, कांद्याच्या पातीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर करडा थर बसतो. बंधाऱ्यालगतच्या शेतकऱ्याला ‘ईएसपी ९९ टक्के पकडतो’ असं सांगून उपयोग नाही. त्याच्यासाठी खरा प्रश्न पकडलेल्या राखेचा आहे, आणि तो रास्त आहे. त्यावर पाणी मारत राहणं, वरून माती किंवा गवत घालणं आणि बंधाऱ्यात राख कमी जाऊ देणं, एवढेच उपाय आहेत, आणि तिन्हीला रोजची शिस्त लागते.

गंमत म्हणून: राखेत काही अगदी बारीक पोकळ गोळ्या असतात. त्या पाण्यावर तरंगतात, म्हणून बंधाऱ्याच्या कडेला पांढुरका साय आल्यासारखा थर दिसतो. त्यांना ‘सेनोस्फिअर’ म्हणतात. हलक्या म्हणून रंग, प्लास्टिक वगैरेंमध्ये भरायला त्यांना राखेपेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो.

आमच्या गच्चीवरची धूळ थर्मलचीच ना?

असेलही, नसेलही. बोटावर घेऊन चोळा. राख करडी, टाल्कसारखी गुळगुळीत लागते. कोळशाची पूड काळी आणि बोटाला चिकटणारी. वाळू-सिमेंट खरखरीत लागतं. साध्या भिंगाखाली गोल गोल कण दिसले तर राखेचा संशय पक्का समजा. पण नाशिकच्या हवेत रस्त्याची धूळ, बांधकाम आणि वाहनं यांचाही मोठा हिस्सा आहे. सगळं थर्मलवर ढकललं की बाकीचे सुटतात.

राखेशिवाय चिमणीतून काय जातं?

सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि भरपूर कार्बन डायऑक्साइड. ईएसपी वायू पकडत नाही, फक्त कण पकडतो. सल्फरसाठी ‘एफजीडी’ नावाची वेगळी यंत्रणा लागते, ज्यात धूर चुनखडीच्या पाण्यातून नेतात आणि जिप्सम मिळतं. २०१५ च्या नियमांनी सल्फरला पहिल्यांदा मर्यादा घातली, पुढे मुदती सरकत गेल्या. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतली केंद्रं सर्वात कडक गटात ठेवली गेली. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती.

कार्बनचं गणित लोकांना पटत नाही. एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे पाऊण किलो कोळसा जाळून एक किलो वायू? हो. कोळशातला कार्बन हवेतला ऑक्सिजन जोडून घेतो आणि वजन वाढतं. राख डोळ्याला दिसते म्हणून भांडण राखेचं होतं. वजनात मात्र ही न दिसणारी गोष्ट राखेच्या कितीतरी पट आहे.

काका, थर्मल दारात असून आमच्याकडे लाइट का जाते?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा, आणि रागानं विचारला जाणारा प्रश्न. थर्मलची वीज थेट तुमच्या घरी येत नाही. ती राज्याच्या ग्रीडमध्ये मिसळते, जशी ओढ्याचं पाणी नदीत मिसळतं. त्यातली कुठली बादली कुणाच्या घरी गेली हे सांगता येत नाही. तुमच्या गल्लीत लाइट जाते ती बहुधा ११ हजार व्होल्टच्या फीडरवर फांदी पडल्यानं, डीपीचा फ्यूज उडाल्यानं किंवा केबल खोदकामात तुटल्यानं. थर्मलचे तिन्ही संच बंद असतील तरी तुमचा पंखा फिरत राहील, आणि तिन्ही जोरात असतील तरी फीडर ट्रिप झाला की अंधार.

मग यंत्र चांगलं असतानाही संच बंद का ठेवतात?

वीज फारशी साठवत नाहीत, मागणीइतकीच बनवतात. कुणी किती बनवायची हे राज्य भार प्रेषण केंद्र ठरवतं. सर्वात स्वस्त वीज आधी, महाग नंतर, या क्रमाला ‘मेरिट ऑर्डर’ म्हणतात. एकलहऱ्याची वीज लांबच्या कोळशामुळे महाग पडते, म्हणून मागणी उतरली की पहिल्यांदा थांबवायच्या यादीत आपलं नाव वर येतं.

थांबवलं की पुन्हा सुरू करणं म्हणजे बटण दाबणं नाही. पूर्ण थंड झालेला संच पेटवायला अर्धा दिवस जाऊ शकतो. आधी तेलावर भट्टी तापवायची, हळूहळू दाब वाढवायचा, टर्बाइनचं जाड धातू समान तापू द्यायचं. घाई केली तर रोटर वाकतो. बंद असतानाही टर्बाइनला पूर्ण थांबू देत नाहीत. एक छोटी मोटर त्याला मिनिटाला तीन-चार फेऱ्यांनी फिरवत ठेवते, नाहीतर स्वतःच्या वजनानं आणि वर-खाली वेगवेगळ्या तापमानानं तो पोक काढतो. रात्रीच्या शिफ्टला सगळं शांत असताना तो रोटर हळू फिरताना बघणं मला आवडायचं.

आता सोलर आलंय, मग थर्मलची गरज काय?

दुपारी गरज कमी होते, हे खरं. तेव्हा संच किमान भारावर उतरवावे लागतात. आता ही पातळी ५५ टक्के आहे आणि पुढे ४० टक्क्यांपर्यंत न्यायची असं नियमांत आहे. पण संध्याकाळी सूर्य मावळतो आणि त्याच वेळी घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. तेव्हा संच पुन्हा चढवावे लागतात. जुन्या संचांची रचना एका भारावर शांतपणे चालण्यासाठी केलेली होती. रोजच्या चढ-उतारानं नळ्यांचे जोड थकतात, गळती वाढते. बॅटऱ्या आणि पंप स्टोरेज (जादा विजेनं पाणी वर चढवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज काढायची) वाढेपर्यंत कोळशाची ही संध्याकाळची नोकरी राहील, आणि ती नोकरी पूर्वीपेक्षा त्रासाची आहे.

सिन्नरचा मोठा प्रकल्प हा त्याचाच भाग आहे का?

नाही. सिन्नर तालुक्यात गुळवंचजवळचा तो खासगी प्रकल्प, २७० मेगावॉटचे पाच संच, एकूण १,३५० मेगावॉट. उभा राहून बरीच वर्षं चालला नाही. वीज खरेदीचा करार आणि कोळसा आणणारी रेल्वे या दोन गोष्टींशिवाय चिमणी नुसती उभी राहते, एवढं त्यातून कळतं.

एकलहऱ्याला ६६० मेगावॉटचा नवा संच येणार होता ना?

त्याची चर्चा मी नोकरीत असल्यापासून ऐकतोय. एक मोठा संच जुन्या लहान संचांपेक्षा कमी कोळशात जास्त वीज देतो, म्हणून कागदावर ते बरोबरच दिसतं. पण त्यालाही तोच लांबचा कोळसा, तेच पाणी आणि तीच राख लागणार. कॉलनीतल्या लोकांसाठी हा नोकरीचा प्रश्न आहे, राखेच्या बंधाऱ्याजवळच्या गावांसाठी वेगळा. दोघांचं ऐकल्याशिवाय मत देऊ नये असं मला वाटतं, म्हणून देत नाही.

मुलांना आत नेऊन दाखवता येतं का?

शाळा-कॉलेजच्या लेखी पत्रावर परवानगी घेऊन जाता येतं, एकट्यादुकट्याला गेटवरूनच परतावं लागतं. पायात बूट हवेत, चप्पल चालत नाही. हेल्मेट आत मिळतं. मुलांना आधी टिपलर दाखवा, मग भट्टीचं बघायचं छोटं झरोकं. त्यातून पिवळसर पांढरा प्रकाश दिसतो, रंगीत काच लावूनच बघायचा. टर्बाइन हॉलमध्ये त्यांना जमिनीवर तळहात टेकवायला सांगा. ३००० फेऱ्यांची ती बारीक थरथर लागते, आणि मुलं गप्प होतात.